तापीकाठचा काळा दगड आणि चंद्रावरचा ससा

सारंगखेड्याच्या माणसाला पौर्णिमेचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, आपल्या गावची यात्रा सुरू होते आणि तापीच्या काठावर घोड्यांचा बाजार भरतो. वैशाख पौर्णिमेला आपण बुद्धजयंती साजरी करतो. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. असे असूनही ज्या चंद्रावरून आपण हे दिवस मोजतो तो चंद्र म्हणजे नेमकी काय वस्तू आहे, तेथे कोण जाऊन आले आणि त्यांना काय आढळले, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते. ती सोप्या भाषेत करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत लिपिक म्हणून चिकटलो. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचे आकडे जुळवणे हे माझे काम. तेव्हा चंद्राविषयी लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर उत्तर नाही. पण दोन ग्रहणांनी मला या विषयाकडे ढकलले, ती हकिकत आधी सांगतो.

दोन ग्रहणे

पहिले ग्रहण २४ ऑक्टोबर १९९५ चे. ऐन दिवाळीत, सकाळच्या प्रहरी सूर्यग्रहण लागले. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या एका पट्ट्यात ते खग्रास दिसले, आपल्याकडे खंडग्रास होते. मी तेव्हा शाळकरी मुलगा. आम्हा भावंडांना घरात कोंडून दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. कौलातून आलेला उजेडाचा कवडसा जमिनीवर कसा कोरीसारखा झाला होता, एवढेच मला आठवते. तो कवडसा म्हणजेच ग्रहणाचे चित्र होते, हे समजायला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

दुसरे ग्रहण ७ सप्टेंबर २०२५ चे, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्रीचे. हे खग्रास चंद्रग्रहण सबंध भारतातून दिसणारे होते. रात्री अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकला गेला आणि सुमारे ८२ मिनिटे तसाच राहिला. वस्तीतील पाच-सात मुले घेऊन मी गच्चीवर गेलो. ढग येत-जात होते. मधल्या फटीतून तांब्याच्या घासलेल्या परातीसारखा लालसर चंद्र दिसला, तेव्हा मुलांनी एकच गलका केला. एका मुलीने विचारले, "काका, चंद्र कशाचा बनलाय?" मला धड उत्तर देता आले नाही.

त्याच वेळी खाली, घरातल्या आतल्या खोलीत माझी भाची भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिला सातवा महिना चालू होता. दुपारपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली, "मामा, मलाही हे पटत नाही. पण उद्या बाळाला काही झालं तर बोल मलाच लागेल." मी निरुत्तर झालो. गच्चीवरच्या मुलीला द्यायला माझ्याजवळ माहिती नव्हती आणि खोलीतल्या भाचीला द्यायला धीर नव्हता. दोन्ही उणिवा एकच आहेत, असे मला त्या रात्री वाटले. भीती घालवायची तर नुसते "घाबरू नकोस" म्हणून भागत नाही. ज्या वस्तूची भीती वाटते ती वस्तू काय आहे, हे सांगता आले पाहिजे. त्या दिवसापासून जे वाचले ते येथे मांडत आहे.

चंद्राची तोंडओळख

चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर दूर आहे. आपली एस.टी. ताशी ६० किलोमीटर वेगाने कोठेही न थांबता सरळ धावत राहिली तर चंद्रावर पोहोचायला २६७ दिवस, म्हणजे जवळजवळ नऊ महिने लागतील. त्याचा व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर आहे. पृथ्वीच्या पाव हिश्श्याहून थोडा जास्त. तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे. येथे ६० किलो वजनाचा माणूस तेथील काट्यावर दहा किलो भरेल.

चंद्राला स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा प्रकाश त्याच्यावर पडतो आणि तोच आपल्याला चांदणे म्हणून मिळतो. कोणत्याही वेळी चंद्राचा अर्धा गोल उजळलेला असतोच. त्या उजळलेल्या अर्ध्यापैकी किती भाग आपल्या बाजूला येतो, त्यावर कला ठरतात. सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये पृथ्वी असेल तर पौर्णिमा, सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये चंद्र असेल तर अमावास्या. पौर्णिमेला पृथ्वीची सावली चंद्रावर पडली की चंद्रग्रहण होते. चंद्राच्या फिरण्याची पातळी थोडी कललेली असल्यामुळे ते दर पौर्णिमेला होत नाही. सावलीत गेलेला चंद्र अगदी काळा न होता तांबूस दिसतो, याचे कारण आपली हवा. सूर्यास्ताच्या वेळी जो तांबडा प्रकाश आपल्याला दिसतो, तोच पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वळून चंद्रापर्यंत पोहोचतो. म्हणजे ग्रहणातला चंद्र पृथ्वीवरच्या साऱ्या उगवतींनी आणि मावळतींनी रंगलेला असतो. त्यात विष नाही, किरणोत्सर्ग नाही. आहे ती फक्त सावली.

ससा कशाचा आहे?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. पौर्णिमेच्या चंद्रावर काळसर डाग दिसतात. कोणी त्याला हरिण म्हणतो, कोणी ससा. ससजातकात अतिथीसाठी स्वतःचा देह देऊ करणाऱ्या सशाची कथा आहे. त्याच्या त्यागाची आठवण राहावी म्हणून शक्राने त्याचे चित्र चंद्रावर रेखाटले, असे ती कथा सांगते. कथा दानाची आहे आणि ती त्या अर्थानेच वाचावी. पण डाग कशाचे, याचे उत्तर आता आपल्या हाती आहे. तो काळा पाषाण आहे, आणि विशेष म्हणजे तो आपल्याच ओळखीचा आहे.

आपल्या नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत प्रवास करताना माळावर लांबच लांब भिंतीसारख्या उभ्या काळ्या टेकड्या दिसतात. एखाद्याने गडाचा तट बांधून अर्धवट सोडून द्यावा, तशा त्या दिसतात. त्या कोणी बांधलेल्या नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला प्रचंड भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वर आला आणि थरावर थर पसरला. त्यातूनच दख्खनचे पठार तयार झाले. काही शिलारस त्या भेगांतच थिजला. पुढे आजूबाजूचा झिजणारा खडक झिजून गेला आणि भेगेतला कठीण दगड भिंतीसारखा उभा राहिला. भूगर्भशास्त्रज्ञांसाठी आपला भाग अशा भिंतींकरिता प्रसिद्ध आहे. या काळ्या दगडाला बेसाल्ट म्हणतात. घराचा पाया, जाते, पाटा, रस्त्याची खडी, सगळे त्याचेच. आपली कापसाची काळी माती हीदेखील त्याच दगडाची, तो हजारो वर्षे कुजून झालेली.

चंद्रावरचे काळे डाग हेही बेसाल्टचेच आहेत. तेथेही मोठमोठ्या खोलगट भागांत आतला शिलारस वर येऊन पसरला आणि थिजला. जुन्या खगोलशास्त्रज्ञांना तो भाग पाण्यासारखा सपाट वाटला म्हणून त्यांनी त्याला समुद्र असे नाव दिले. नाव तसेच राहिले, पाण्याचा मात्र तेथे थेंब नाही. आपल्याला दिसणाऱ्या बाजूचा जवळजवळ तिसरा हिस्सा या समुद्रांनी व्यापला आहे. बहुतेक काळे दगड ३०० ते ४०० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे आपल्या दख्खनच्या दगडाच्या पन्नासपट जुने आहेत. आणि फरक एवढाच की तेथे हवा-पाणी नसल्यामुळे त्या दगडाची काळी शेतजमीन कधी झाली नाही.

हे शास्त्रज्ञांना कसे कळले? अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतून २० जुलै १९६९ ते डिसेंबर १९७२ या काळात बारा माणसे चंद्रावर उतरली आणि त्यांनी ३८२ किलो दगड-माती पृथ्वीवर आणली. रशियाने माणूस न पाठवता, १९७० पासून तीन यानांद्वारे थोडी माती आणली. ती प्रयोगशाळेत कापून, घासून, वितळवून तपासली गेली, तेव्हा बेसाल्टची खात्री पटली.

लोणारची साक्ष

चंद्राचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याच्या अंगावरचे असंख्य खड्डे. शास्त्रात त्यांना विवरे म्हणतात. हे खड्डे ज्वालामुखीची तोंडे असावीत, असे पुष्कळ काळ मानले जात होते. तो वाद मिटवण्याच्या कामी आपल्या महाराष्ट्रातील एका जागेची साक्ष उपयोगी पडली. ती जागा म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर.

लोणारचा खड्डा जवळजवळ वर्तुळाकार आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून तो सुमारे दीडशे मीटर खोल आहे. भोवती उंच कड आहे आणि तळाशी खारे पाणी. त्यालाही आधी ज्वालामुखीचे तोंड समजत. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळाच्या गाळातून भोके घेतली, तेव्हा खाली चुराडा झालेला बेसाल्ट आणि प्रचंड दाबाने काचेसारखे झालेले खनिज मिळाले. ज्वालामुखीने दगड वितळतो, पण अशा रीतीने चिरडला जात नाही. आकाशातून येणाऱ्या अशनीने, म्हणजे अंतराळातील पाषाणाने, अतिशय वेगाने आदळूनच हे होऊ शकते. हा निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झाला. लोणारच्या मातीत सापडलेले काचेचे बारीक गोळे आणि दगडाचा चुरा अपोलोने आणलेल्या नमुन्यांशी मिळताजुळता असल्याचेही त्याच संशोधनात नमूद आहे. बेसाल्टमध्ये पडलेली अशी विवरे पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत, म्हणूनच चंद्राचा अभ्यास करणारे लोक जगभरातून लोणारला येतात. त्याच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही; एका मोजणीने ते सुमारे ५० हजार वर्षे भरते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीने ५ लाख ७० हजार वर्षे.

येथे एक प्रश्न साहजिक आहे. अशनी चंद्रावर पडले तसे पृथ्वीवरही पडले असतील, मग पृथ्वीवर खड्डे का दिसत नाहीत? उत्तर तापीकाठी राहणाऱ्याला लगेच समजेल. वाळूत उमटलेले पाऊल पहिल्या पुराला पुसले जाते. पाऊस, वारा, नद्या आणि जमिनीच्या हालचाली यांनी पृथ्वीने आपल्या जुन्या जखमा भरून काढल्या. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही. १९६९ साली उमटलेली माणसाची पावले अजून तशीच आहेत. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पृथ्वीने जुनी खातेवही रद्दीत घातली आणि चंद्राने ती जपून ठेवली. आपल्याच घराचा जुना इतिहास वाचायला चंद्रावर जावे लागते, ते यासाठी.

आपली तीन चांद्रयाने

भारताचे पहिले चांद्रयान २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले. त्यावर अकरा उपकरणे होती. पाच आपली आणि सहा परदेशांची. १४ नोव्हेंबर २००८ रोजी त्यातून सोडलेला आघातक तिरंग्यासह चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळला. दोन वर्षांसाठी आखलेल्या या यानाशी ऑगस्ट २००९ मध्ये संपर्क तुटला, पण तोवर मोठे काम झाले होते. यानावरील अमेरिकन उपकरणाच्या नोंदींतून चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश असल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले. पुढे २०१८ साली त्याच नोंदी पुन्हा तपासल्या असता, ध्रुवांजवळ ज्या विवरांत सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत तेथे बर्फ असल्याचा पुरावा मिळाला. यान बंद पडल्यावर नऊ वर्षांनी त्याच्या जुन्या नोंदी बोलल्या! नोंद नीट ठेवण्याचे मोल आम्हा बँकवाल्यांना कळते.

पाण्याचे एवढे अप्रूप का, हे टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. पृथ्वीवरून चंद्रावर पाणी नेणे अतोनात खर्चाचे आहे. ते तेथेच मिळाले तर पिता येईल, त्यातला प्राणवायू श्वासासाठी वापरता येईल आणि हायड्रोजन व प्राणवायू मिळून अग्निबाणाचे इंधनही होईल. म्हणून आज सर्व देशांचे लक्ष दक्षिण ध्रुवाकडे आहे.

दुसरे चांद्रयान २२ जुलै २०१९ रोजी गेले. त्याचे परिक्रमा करणारे यान चंद्राभोवतीच्या कक्षेत नीट पोहोचले आणि कामाला लागले. विक्रम नावाचा लँडर मात्र ७ सप्टेंबरच्या पहाटे उतरताना अखेरच्या टप्प्यात कोसळला. देशभर हळहळ झाली. येथे आपल्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी चूक झाकली नाही. आणखी काय काय बिघडू शकते, याची यादी केली आणि प्रत्येक बिघाड गृहीत धरून नवा लँडर बांधला. पाय मजबूत केले, इंधन वाढवले, मधले पाचवे इंजिन काढून टाकले. आधी ५०० मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात उतरायचे होते, ती जागा वाढवून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. नापास झाल्यावर उत्तरपत्रिका फाडून टाकायची नसते, ती पुन्हा वाचायची असते.

तिसरे चांद्रयान १४ जुलै २०२३ रोजी निघाले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम चंद्रावर अलगद उतरला. असे उतरणारा भारत हा रशिया, अमेरिका आणि चीन यांच्यानंतरचा चौथा देश ठरला. वर्तमानपत्रांत "दक्षिण ध्रुवावर" असे छापले गेले. नेमके सांगायचे तर ही जागा ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, ध्रुवापासून सहाशेहून अधिक किलोमीटर अलीकडे आहे. तरीही तोवर कोणीही ध्रुवाच्या इतक्या जवळ सुखरूप उतरले नव्हते.

आखाजीचा झोका

अपोलो ११ चार दिवसांत पोहोचले, मग आपल्या यानाला चाळीस दिवस का लागले? आखाजीला झाडाला बांधलेला झोका आठवा. दांडगा माणूस एकाच हिसक्याने झोका वर पाठवतो. लहान मुलगी मात्र झोका खाली आला की थोडा जोर लावते, पुन्हा खाली आला की पुन्हा थोडा, आणि शेवटी तीही फांदीला पाय लावते. अपोलोचा अग्निबाण दांडगा होता. आपले यान आधी पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरत राहिले. पृथ्वीच्या जवळ आले की इंजिन थोडा वेळ चालवायचे, म्हणजे पुढच्या फेरीत ते आणखी दूर जाते. असे पाच वेळा केले आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ते चंद्राच्या वाटेला लागले. वेळ जास्त गेला, पण लहान अग्निबाणात आणि कमी खर्चात काम झाले.

पंधरवड्याचे काम

चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच. विक्रम तेथल्या सकाळी उतरला आणि रात्र होण्यापूर्वी सर्व कामे उरकली. प्रज्ञान ही २६ किलोची सहा चाकी गाडी शंभर मीटरवर चालली. लेसरचा झोत मारून तिने मातीत गंधक, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, टायटॅनियम वगैरे मूलद्रव्ये ओळखली. विक्रमने दहा तापमापकांची एक सळई जमिनीत खुपसली. पृष्ठभागावर पन्नास अंशांहून अधिक उष्णता, आणि केवळ आठ सेंटिमीटर खाली शून्याखाली दहा अंश! चंद्राची माती इतकी भुसभुशीत आहे की तिच्यातून उष्णता पुढे सरकतच नाही. आपल्या आया-आज्या रात्री निखारा राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी तो जिवंत मिळे. राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही. चंद्राची माती राखेसारखी आहे, फक्त येथे वरची उष्णता खाली जात नाही.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी प्रज्ञानने २३ ठिकाणी केलेल्या मोजण्या तपासल्या. प्रज्ञान काळ्या समुद्रात नव्हे, तर चंद्राच्या पांढऱ्या, उंच भागात फिरत होता. तेथील माती हलक्या, फिकट दगडाची निघाली. चंद्र जन्मला तेव्हा, सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी, त्याचा वरचा भाग वितळलेल्या खडकाचा महासागर होता. दूध तापून निवताना साय वर येते, तसे हलके खनिज वर तरंगून त्याचे पांढरे कवच झाले. शिलारसाचा तो महासागर सबंध चंद्रावर पसरलेला होता, या कल्पनेला आपल्या गाडीच्या मोजणीने दक्षिणेकडून दुजोरा दिला. म्हणजे पौर्णिमेचा पांढरा चंद्र ही वर आलेली साय, आणि त्यावरचा ससा हा मागाहून भेगांतून आलेला काळा शिलारस. त्या मुलीच्या प्रश्नाचे हे माझे उत्तर.

इतर देशांची वाटचाल

चंद्र नेहमी एकच बाजू आपल्याला दाखवतो. दुसरी बाजू प्रथम ऑक्टोबर १९५९ मध्ये रशियाच्या यानाने टिपली आणि तेथे समुद्र जवळजवळ नाहीतच, असे दिसले. त्या बाजूला जानेवारी २०१९ मध्ये चीनचे यान प्रथम उतरले. त्यांच्या गाडीचे नाव युतू-२; युतू म्हणजे जेड दगडाचा ससा. तेव्हा ससा चिनी लोकांनाही दिसतो! डिसेंबर २०२० मध्ये चीनने १,७३१ ग्रॅम माती आणली, तर जून २०२४ मध्ये थेट पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम माती पृथ्वीवर आली. त्यांतील बेसाल्ट अनुक्रमे सुमारे २०० कोटी आणि २८० कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. म्हणजे चंद्राच्या पोटातली आग आपण समजत होतो त्याहून उशिरा विझली. रशियाचे यान आपल्या आधी चारच दिवस, १९ ऑगस्ट २०२३ रोजी कोसळले. जानेवारी २०२४ मध्ये जपान उतरला. फेब्रुवारी २०२४ पासून अमेरिकेतील खासगी कंपन्यांचीही याने उतरू लागली. चंद्रावरून माती आणण्याच्या चांद्रयान-४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटी रुपये मंजूर केले.

खर्चाचा हिशेब

"गावात रस्ता धड नाही आणि चंद्रावर कोट्यवधी कशाला?" हा प्रश्न मला बँकेच्या खिडकीवरही विचारला गेला. प्रश्न चुकीचा नाही. गरिबाने तो विचारलाच पाहिजे. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी चार रुपये चाळीस पैसे पडतात. एका कटिंग चहाहून कमी. गावचा रस्ता या पैशामुळे अडलेला नाही, तो दुसऱ्या कारणांनी अडलेला असतो, आणि ती कारणे विचारण्याचा आपला हक्क शाबूत आहे. शिवाय हा पैसा चंद्रावर नेऊन टाकलेला नाही. तो येथल्याच कारखान्यांत, कामगारांच्या मजुरीत खर्च झाला. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनतात, मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात इंजिने बनतात. तेथे फिटर, टर्नर, वेल्डर लागतात, आणि ते आपल्यासारख्यांच्या घरांतूनच जातात.

विद्यार्थी मित्रांना

दहावीनंतर "सायन्स आपल्याला झेपणार नाही" असे म्हणणारी मुले मी दरवर्षी पाहतो. मीही त्यांतलाच एक होतो. चांद्रयान-३ चे प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल हे तामिळनाडूतील विलुपुरमच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याचे चिरंजीव. त्यांनी आधी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला आणि पुढे मद्रासच्या आय.आय.टी.तून डॉक्टरेट मिळवली. वाट आडवळणाची असली तरी ती असते. इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांनी डॉ. जयंत नारळीकरांची मराठी पुस्तके हाती घ्यावीत. आणि काहीच नसेल तर पुढचे सलग तीस दिवस, आकाश निरभ्र असेल तेव्हा, चंद्र किती वाजता आणि कोणत्या आकाराचा दिसला, एवढेच वहीत लिहावे. तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे तुम्हाला पुस्तकाशिवाय सापडेल. संस्थेलाही एक नम्र सूचना आहे. वाचनालयासाठी एक चांगली दुर्बीण घ्यावी आणि अष्टमीच्या आसपास, जेव्हा विवरांच्या सावल्या स्पष्ट दिसतात, तेव्हा मुलांना व विशेषतः मुलींना गच्चीवर न्यावे.

माझ्या भाचीला नोव्हेंबरात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. एका बाळंतपणाने काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. आणि त्या रात्री तिने अखेर पाणी प्यायले, ते माझ्या सांगण्याने नव्हे, तर तहान अनावर झाली म्हणून. मात्र बाराव्या दिवशी तिने मला बाजूला घेऊन विचारले, "मामा, पुढचं ग्रहण कधी आहे? हिला दाखवायचं आहे." या वेळी मात्र मी निरुत्तर झालो नाही.